प्रकरण अभ्यास: तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी आणि पोटॅशियम 5.8

रुग्ण 61 वर्षांचे, पुण्यात सहकारनगरला राहणारे, भोसरीच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दवाखान्यात सगळे त्यांना काका म्हणतात, इथेही तेच म्हणतो. मधुमेह चौदा वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. फेब्रुवारी 2025 मध्ये ते आले, पण किडनीसाठी नव्हे. तळजाई टेकडीच्या चढाला दम लागायला लागला होता. पूर्वी गप्पा मारत चढायचे, आता मधेच थांबावं लागतं आणि बरोबरची मंडळी पुढे निघून जातात, ही खरी बोच.

बीपीच्या तीन गोळ्या चालू होत्या: टेल्मिसार्टन 80, अ‍ॅम्लोडिपिन 10 आणि क्लोर्थॅलिडोन 12.5 मिलिग्रॅम. शिवाय मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. एवढं असून दवाखान्यात बीपी 158/92. घरी आठवडाभर मोजायला सांगितलं तर सरासरी 152/88. म्हणजे डॉक्टरांना बघून चढणारं बीपी हे नव्हे. गोळ्या चुकत असतील म्हणावं तर काकू दर रविवारी डबीचे कप्पे भरतात आणि शनिवारी रिकामे झालेत का ते पाहतात. तीन गोळ्या रोज न चुकता घेऊनही न उतरणारं बीपी म्हटलं की मीठ, घोरणं आणि हार्मोन या तिन्ही बाजूंनी बघावं लागतं.

टू-डी एकोत पंपिंग 58 टक्के. कुटुंबाला हायसं वाटलं. अहवालाच्या खालच्या दोन ओळी मात्र कुणी वाचल्या नव्हत्या: डाव्या कप्प्याच्या भिंती जाड, वरचा डावा कप्पा मोठा. हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी, एनटी-प्रोबीएनपी, 410. हृदय आकुंचन नीट पावत होतं, सैल पडताना अडखळत होतं. चढाला लागणाऱ्या दमाचं कारण हेच. पंपिंग चांगलं असूनही होणारं हार्ट फेल्युअर ते हे.

आता किडनी. किडनीनं बाहेर टाकायचा कचरा म्हणजे क्रिएटिनिन, ते रक्तात 1.5. त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, 53. फाइल चाळली तर गेल्या काही वर्षांत तोच आकडा 1.2, 1.3, 1.4 असा पायरीपायरीनं वर आलेला दिसला. दरवेळी सल्ला एकच, पाणी भरपूर प्या. फाइल चांगली दोन बोटं जाड, पण लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती गळतं ते सांगणाऱ्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचा, म्हणजे यूएसीआरचा, कागद त्यात एकही नव्हता. आता केलं तर 780 आलं. सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा केलं, 740. तीसच्या खाली असायला हवं आणि तीनशेच्या वर गेलं की धोका बराच वाढतो. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा तरी करायला मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडे मात्र एचबीए1सी दर तीन महिन्यांनी होतं आणि ही साधी लघवीची चाचणी वर्षानुवर्षं राहून जाते. क्रिएटिनिन हलायला लागेपर्यंत किडनीनं बरंच सोसलेलं असतं. अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी बोलायला लागतं.

संशयित हार्मोन

न उतरणारं बीपी, भिंती जाड झालेलं हृदय आणि गळकी किडनी, या तिन्ही ठिकाणी ज्याचा हात असू शकतो असा एक हार्मोन आहे: अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या बाहेरच्या थरात तो तयार होतो. 1953 मध्ये लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी तो वेगळा काढला. 1955 मध्ये अमेरिकेत जेरोम कॉन यांनी अ‍ॅड्रिनलची गाठ, वाढलेलं बीपी आणि घसरलेलं पोटॅशियम यांची सांगड घातली. हार्मोनचं नेहमीचं काम साधं आहे, मीठ राखायचं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवायचं. ज्या काळात माणसाला मीठ मिळायची मारामार होती, तेव्हा हे वरदानच असणार. लोणचं, पापड, फरसाण आणि वरून चिमूटभर मीठ घेणाऱ्या पेठेत ते अंगाशी येतं.

मामला मिठापुरता असता तर लघवीची गोळी पुरली असती. पण हा हार्मोन पेशीतल्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे कुलपावर, जाऊन बसतो तो हृदयाच्या स्नायूत, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आणि किडनीच्या गाळण्यांतही असतो. तिथे तो सतत चेतवलेला राहिला की आधी दाह होतो आणि मग तंतुमय ऊती साचत जाते. बीपी कितीही असलं तरी हे आतून चालू राहतं.

काकांच्या मुलानं इथे रास्त शंका काढली. मुलगा हिंजवडीत नोकरीला, सगळे रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर. "टेल्मिसार्टन याच साखळीवर काम करतं ना? मग अल्डोस्टेरॉन राहिलाच कसा?" टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचा, म्हणजे ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावणाऱ्या हार्मोनचा, मार्ग अडवतं आणि अल्डोस्टेरॉन सुरुवातीला खाली येतो, हे खरं. पण बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांनी तो पुन्हा वर सरकतो, कारण अ‍ॅड्रिनलला अँजिओटेन्सिनखेरीज पोटॅशियमचा आणि मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचाही इशारा चालतो. खडकवासल्याचे दरवाजे बंद असले तरी खालच्या ओढ्यांचं पाणी मुठेत येतच राहतं, तसंच हे.

औषध ठरवण्याआधी ग्रंथीतच गाठ किंवा वाढ नाही ना, हे बघायला हवं होतं. रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि ही साखळी जिथून सुरू होते ते किडनीतलं रेनिन, दोन्ही मोजले. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना रेनिन वर असणं अपेक्षित असतं. तरीही ते दबलेलं निघालं तर ग्रंथी स्वतःच्या मर्जीनं हार्मोन सोडते आहे असा संशय येतो. काकांचं रेनिन दबलेलं नव्हतं, पोटॅशियमही 4.2, त्यामुळे तो रस्ता तूर्त बाजूला ठेवला. 2025 मध्येच अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं ही चाचणी बीपी असलेल्या सगळ्यांनाच एकदा करावी असं सुचवलं आहे. पुण्यात आज बीपीच्या दहा रुग्णांना विचारा, ती कुणाचीच झालेली नसेल.

आधी कोणती गोळी

मार्चमध्ये पहिल्यांदा डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केलं. ते हार्मोनवरचं औषध नाही, किडनीत साखर आणि मीठ परत शोषून घेणाऱ्या वाहकाला ते अडवतं. पण किडनी आणि हृदय दोन्हींसाठी भक्कम पुरावा, शिवाय 2020 मध्ये पेटंट संपल्यापासून भारतात त्याची किंमत कोसळलेली. ते पोटॅशियमही फार चढू देत नाही. पुढे अल्डोस्टेरॉन अडवायचा असेल तर ही गोष्ट मोलाची. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.5 वरून 1.6 झालं आणि ईजीएफआर 49. घरात घबराट. गाळण्यांवरचा दाब कमी झाला की सुरुवातीला एवढी घसरण होतेच, आणि गोळी त्यासाठी थांबवायची नसते, हे मी आधीच कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद काकूंनी फ्रिजला लावून ठेवलेला. आणखी एक सूचना दिली होती: गुप्तांगाजवळ खाज आली तर संकोच न करता सांगा, कारण लघवीतून साखर जाते आणि बुरशीला ती आवडते. या सूचनेचा पुढे भलताच परिणाम झाला, तो येईलच.

जूनच्या सुरुवातीला यूएसीआर 560 वर आलं होतं. घरचं बीपी 146/86, दम थोडा कमी. आता अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर अडवायचा होता. पर्याय दोन.

एक, स्पायरोनोलॅक्टोन. साठ-पासष्ट वर्षं जुनी, काही रुपयांत मिळणारी गोळी. न उतरणाऱ्या बीपीवर चौथी गोळी कोणती, हे 2015 च्या पाथवे-2 अभ्यासानं तपासलं तेव्हा तीच सरस ठरली. पंपिंग खूप कमी झालेल्या हार्ट फेल्युअरमध्ये तर 1999 च्या रॅल्स अभ्यासात तिनं मृत्यू 30 टक्क्यांनी कमी केले. दोष असा की ती लैंगिक हार्मोनांच्या रिसेप्टरवरही जाते. पुरुषांत छाती भरते, दुखते, आणि पुरुष हे डॉक्टरला न सांगता गोळी सोडून देतात.

दोन, फिनेरेनोन. स्टेरॉइडच्या साच्याबाहेरचं, अल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरला नेमकं धरणारं. टाइप 2 मधुमेह आणि लघवीतून अल्ब्युमिन जाणाऱ्यांमध्ये किडनीची घसरण लांबते, हे मोठ्या अभ्यासात दाखवलंय ते यानं. 2020 च्या फिडेलिओ अभ्यासात सुमारे 5,700 रुग्ण होते. 2024 च्या फाइनआर्ट्स अभ्यासात पंपिंग 40 टक्के किंवा जास्त असलेले सुमारे 6,000 हार्ट फेल्युअरचे रुग्ण होते, म्हणजे काकांच्याच जातकुळीतले. त्यात हार्ट फेल्युअर बिघडण्याचे प्रसंग आणि हृदयविकारानं मृत्यू मिळून 16 टक्क्यांनी कमी झाले. नुसते मृत्यू वेगळे काढले तर ठळक फरक दिसला नाही. जाहिरातीत ही दुसरी ओळ नसते. आणि बीपी उतरवण्यात फिनेरेनोन स्पायरोनोलॅक्टोनच्या पासंगालाही पुरत नाही. फिडेलिओत वरचं बीपी जेमतेम तीनेक अंकांनी खाली आलं.

म्हणजे बीपी बघितलं तर जुनी गोळी, अल्ब्युमिन बघितलं तर नवी. मी दोन्हींची बाजू काकांसमोर ठेवली. बाहेर थांबलेल्यांची पर्वा न करता पाऊण तास गेला. फिडेलिओचा आकडा मी टक्केवारीच्या घोषणेत न सांगता माणसांत सांगितला: अडीचेक वर्षांत गोळी न घेणाऱ्या शंभरांत 21 जणांची किडनी बरीच खालावली किंवा निकामी झाली, घेणाऱ्यांत 18.

काका म्हणाले, "म्हणजे शंभरात तीन. बाकीच्या सत्त्याण्णवांनी उगाच खाल्ली म्हणायची का?"

प्रश्न पुणेरी होता आणि बिनतोड होता. उत्तर असं दिलं की ते तिघे कोण हे आधी कळत नाही. वर्षं वाढतील तसा हा आकडाही वाढण्याची शक्यता आहे. आणि यूएसीआर पाचशेच्या वर असणाऱ्याला धोका मुळातच जास्त, म्हणून त्याला मिळण्याजोगंही जास्त. दुसरी बाजूही सांगितली. फिडेलिओतले फारच थोडे लोक डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेत होते, काका ती आधीच घेत होते. दोन्ही एकत्र दिल्यावर काय होतं याचा कॉन्फिडन्स अभ्यास त्याच जूनमध्ये प्रसिद्ध झाला. एम्पाग्लिफ्लोझिन (डॅपाग्लिफ्लोझिनच्याच गटातलं) आणि फिनेरेनोन एकदम सुरू केलेल्यांचं अल्ब्युमिन 180 दिवसांत सुमारे निम्म्यावर आलं, एकेकट्या औषधापेक्षा ही घट साधारण 30 टक्क्यांनी जास्त. पण तो अल्ब्युमिनचा हिशेब आहे, डायलिसिस टळल्याचा नाही.

पैशांचं बोलणं काकूंनी काढलं. ईपीएस-95 चं पेन्शन किती असतं हे ज्याच्या घरी येतं त्याला विचारावं. मुलानं "मी बघतो" म्हटलं, काकांना ते आवडलं नाही, पण शेवटी फिनेरेनोन ठरलं. ईजीएफआर 60 च्या खाली म्हणून रोज 10 मिलिग्रॅम. घरात पैशाची ओढाताण असती तर मी 12.5 मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन बेधडक दिलं असतं, आणि ते दुय्यम उपचार ठरले नसते. गोळी कोणती याची चर्चा परिषदांत तासन्‌तास चालते. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न हा की गोळी दिल्यावर रक्त कोण आणि कधी तपासणार.

हे मत अनुभवापुरतं नाही. रॅल्सनंतर जगभरच्या डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन सढळ हातानं लिहायला घेतलं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातली नोंद 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. एसीई इनहिबिटर (अँजिओटेन्सिन बनू न देणारी गोळी) घेणाऱ्या, हार्ट फेल्युअर झालेल्या वयस्कर रुग्णांत पोटॅशियम वाढून इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होतं, ते 2001 मध्ये हजारी 11 झालं. औषध तेच होतं. अभ्यासातल्या रुग्णांचं रक्त ठरल्या दिवशी तपासलं जायचं, बाहेरच्यांचं नाही. म्हणून मी पहिल्या खेपेला चार आठवड्यांच्याच गोळ्या लिहून देतो. रिपोर्ट दाखवल्याशिवाय पुढची चिठ्ठी मिळत नाही. रुग्णांना हे छळवादी वाटतं, वाटू दे.

जुलैच्या सुरुवातीला पोटॅशियम 4.9, क्रिएटिनिन जवळपास तेच. मात्रा वाढवण्यासाठी 4.8 किंवा खाली हवं असतं, म्हणून 10 वरच ठेवलं. पुढचं रक्त ऑगस्टच्या मध्यावर.

5.8

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी सकाळी लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर अहवाल आला. पोटॅशियम 5.8, लाल अक्षरात. एवढं वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. क्रिएटिनिन 1.8, ईजीएफआर 42.

घरून नेलेल्या रक्तातला असा आकडा एकदम खरा धरायचा नसतो. बाटली डिकीत हिंदकळली, रक्त उशिरा वेगळं केलं, तांबड्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा फुगतो. पण खोटा आहे असं गृहीत धरून सकाळपर्यंत थांबायचंही नसतं. त्याच रात्री जवळच्या इस्पितळात पुन्हा रक्त दिलं, ईसीजी काढला. पोटॅशियम 5.7. आकडा खरा होता. ईसीजी सुदैवानं साफ: टी लहरी उंचावलेल्या नाहीत, ठोके नियमित. दाखल करावं लागलं नाही. फिनेरेनोन बंद, कॅल्शियम पॉलिस्टायरिन सल्फोनेटच्या पुड्या सुरू आणि सकाळी दवाखान्यात या, असं सांगितलं.

सकाळी तिघं आले तेव्हा निकाल घरी लागून चुकला होता. श्रावण चालू होता. काका सोमवार करतात. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा आणि दाण्याचं कूट, दुपारी रताळ्याचा कीस, रात्री केळं. मुलानं इंटरनेटवर पोटॅशियमची यादी काढून आईसमोर धरली होती. यादी चुकीची नव्हती, उपासाचं ताट खरोखरच पोटॅशियमनं भरलेलं असतं. काकू खाली मान घालून बसल्या होत्या.

मला ते पटेना. उपास सोमवारचा, रक्त गुरुवारचं. ईजीएफआर पन्नाशीच्या आसपास असलेली किडनी एका दिवसाचा बटाटा तीन दिवस साठवून ठेवत नाही. शिवाय क्रिएटिनिनही का चढावं? कमी सोडियमचं मीठ आणलंय का विचारलं, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. नाही. कंबरदुखीची गोळी? नाही. शहाळं? "डॉक्टर, शहाळं काय भावाला झालंय माहीत आहे ना?" हे उत्तर पुरेसं होतं.

मग तपासायला घेतलं. बीपी 112/68. सहा महिने ज्यानं तीन गोळ्यांना दाद दिली नव्हती ते बीपी आज आपोआप एवढं खाली? मोजे काढले तर घोट्यांवर इलास्टिकचा खोल वळ, दोन्ही पाय सुजलेले. जाता जाता काका म्हणाले, पोटऱ्या आठवडाभर ठणकताहेत, चालणं जास्त झालं असेल.

पोटॅशियम वाढलं ते फिनेरेनोनमुळे. बीपी पडलं आणि पाय सुजले हे अ‍ॅम्लोडिपिन जास्त झाल्यासारखं. पोटऱ्या दुखल्या हे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन जास्त झाल्यासारखं. तिन्ही गोळ्यांची मात्रा तीच होती, कप्पे काकूंनी भरलेले. मात्र या तिन्ही गोळ्या यकृतातल्या एकाच एन्झाइमनं मोडतात, सीवायपी3ए4. ते एन्झाइम कुणीतरी बंद पाडलं होतं.

"काका, या महिन्यात दुसऱ्या कुणी गोळी दिलीय का? कसलीही."

काकांनी मुलाकडे बघितलं, मग काकूंकडे. म्हणाले, "यांना जरा बाहेर बसू द्या."

जुलैच्या अखेरीस, ओले कपडे वाळत नसताना, त्यांना जांघेत गजकर्ण झालं होतं. मी दिलेली खाजेची सूचना त्यांच्या लक्षात होती, आणि म्हणूनच त्यांनी ते लपवलं. डॅपाग्लिफ्लोझिनची बुरशी जननेंद्रियावर येते, ही साधी चामडीची होती. पण त्यांना वाटलं, सांगितलं तर डॉक्टर चांगली चाललेली गोळी बंद करतील, आणि सुनेसमोर रिपोर्टांबरोबर याचीही चर्चा होईल. म्हणून दुसऱ्या पेठेतल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे एकटेच जाऊन आले. तिथे विचारलंही गेलं होतं, काही औषधं चालू आहेत का. काकांनी सांगितलं, "बीपी-शुगरच्या नेहमीच्या." चिठ्ठी खिशातच होती, घामानं मऊ झालेली. इट्राकोनॅझोल 100, सकाळ-संध्याकाळ, चार आठवडे. निम्म्याहून जास्त कोर्स झाला होता.

त्या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. गजकर्ण आता पूर्वीसारखं मलमानं पळत नाही. भारतात त्याची चिवट बुरशी इतकी पसरली आहे की इट्राकोनॅझोलचे लांबलचक कोर्स हा रोजचा भाग झालाय. पण ते सीवायपी3ए4 ला जबरदस्त रोखतं. फिनेरेनोनची रक्तातली मात्रा त्यामुळे कित्येक पटींनी वाढते, आणि म्हणूनच औषधाच्या माहितीपत्रकात ही जोडी सरळ निषिद्ध आहे. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच, आणि ते सर्दी-खोकल्यातही लिहिलं जातं. शिवाय इट्राकोनॅझोल हृदयाच्या स्नायूची ताकद कमी करू शकतं, तेव्हा हार्ट फेल्युअरमध्ये ते एरवीही टाळायचं असतं. परदेशातल्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूटचा इशारा असतो, कारण ते फळही हेच एन्झाइम रोखतं. मंडईत ग्रेपफ्रूट शोधून सापडणार नाही. आपल्याकडे इशारा हवा तो गजकर्णाच्या गोळीचा.

इट्राकोनॅझोल त्याच क्षणी बंद केलं. त्वचारोगतज्ज्ञांना फोन केला, त्यांनी लुलिकोनॅझोलचं मलम दिलं. टर्बिनाफिनची गोळी सुचली होती, पण किडनीचा आकडा बघून तीही नको असं दोघांचंही मत पडलं. अ‍ॅम्लोडिपिन 5 वर आणलं, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन थांबवलं. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके थोडंच वाढलेलं निघालं. तीन दिवसांनी पोटॅशियम 5.1, आठवड्यानं 4.7. फिनेरेनोन पुन्हा सुरू करायला 5.0 पुरतं, पण मी लगेच दिलं नाही. इट्राकोनॅझोल बंद केल्यावरही त्याचा अंमल आठवडा-दोन आठवडे टिकतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला 10 मिलिग्रॅमवर परत आलो.

पोटॅशियम एकदा वाढलं की औषध कायमचं बाद, हा बऱ्याच ठिकाणचा शिरस्ता आहे, आणि रुग्णाचं खरं नुकसान तिथे होतं. फिडेलिओत पोटॅशियममुळे कायमचं औषध सोडावं लागलेले 2.3 टक्केच होते, कारण थांबवायचं कधी आणि परत सुरू करायचं कधी, हे आधीच ठरलेलं होतं. काकूंना उपासाबद्दल एवढंच सांगितलं की बटाटा-रताळं चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाका, केळं अर्धं द्या. खिचडी बंद केली नाही.

मुलानं पाठवलेली बातमी

ऑगस्टच्या शेवटी माद्रिदच्या हृदयरोग परिषदेतली बातमी मुलानं पाठवली: बॅक्सड्रोस्टॅट. "बाबांना हे कधी मिळेल?" रिसेप्टर अडवण्याऐवजी अल्डोस्टेरॉन तयारच होऊ द्यायचा नाही, ही त्यामागची कल्पना. ती सुचायला अवघड नव्हती, जमायला होती. अल्डोस्टेरॉन बनवणारं एन्झाइम आणि कॉर्टिसॉल बनवणारं एन्झाइम यांच्या रचनेत 93 टक्के साम्य आहे. आधीच्या प्रयत्नांत एकाला दाबताना दुसरंही दबायचं, आणि कॉर्टिसॉलशिवाय माणूस आजारपणाला तोंड देऊ शकत नाही. बॅक्सड्रोस्टॅट, लोरुंड्रोस्टॅट आणि व्हिकाड्रोस्टॅट या नव्या फळीला निवड करणं साधलंय. माद्रिदला मांडलेल्या अभ्यासात, काकांसारख्याच न उतरणाऱ्या बीपीच्या रुग्णांत, बॅक्सड्रोस्टॅटनं 12 आठवड्यांत वरचं बीपी नकली गोळीपेक्षा 8.7 अंकांनी (1 मिलिग्रॅम) आणि 9.8 अंकांनी (2 मिलिग्रॅम) जास्त उतरवलं. चौथ्या-पाचव्या गोळीकडून एवढं मिळणं ही लहान गोष्ट नाही.

पण मुलाला मी त्याच निकालातला दुसरा आकडा दाखवला: पोटॅशियम 6 च्या वर गेलेले 2.3 आणि 3 टक्के, नकली गोळीत 0.4. हार्मोन वरून अडवा की खालून, पोटॅशियम बाहेर टाकणारा हात तोच आहे. किडनी किती वाचते हे अजून ठरायचंय. ऑक्सफर्डचा ईझी-किडनी अभ्यास व्हिकाड्रोस्टॅट आणि एम्पाग्लिफ्लोझिनची जोडी सुमारे 11,000 रुग्णांत तपासतो आहे. तोवर नव्या नावाची वाट बघत हातातली गोळी अर्धवट घेण्यात शहाणपण नाही.

सेमाग्लुटाइडचं इंजेक्शनही त्याच बोलण्यात निघालं. तेही एका आतड्याच्या हार्मोनची नक्कल, आणि 2024 च्या फ्लो अभ्यासात मधुमेही किडनीच्या मोठ्या घटना त्यानं 24 टक्क्यांनी कमी केल्या. काकांना ते चालण्यासारखं आहे. तूर्त खर्चापायी थांबलोय.

नोव्हेंबरची स्थिती

घरचं बीपी 136/80, अ‍ॅम्लोडिपिन 5 वरच. पोटॅशियम 4.7, क्रिएटिनिन 1.6, यूएसीआर 310. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन कमी मात्रेत परत चालू. एनटी-प्रोबीएनपी पुन्हा केलं नाही, गरज वाटली नाही. तळजाईच्या चढाला काका एकदाच थांबतात, तेही ओळखीचं कुणी भेटलं तर, असं ते सांगतात. पोटॅशियम 4.8 च्या आत आणि ईजीएफआर स्थिर, म्हणून फिनेरेनोन 20 मिलिग्रॅम केलं आणि चार आठवड्यांच्याच गोळ्या लिहिल्या. काकांच्या पाकिटात आता सगळ्या गोळ्यांच्या नावांची यादी आहे, वर लाल अक्षरात इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन नकोत असं लिहिलेली. डिसेंबरच्या रिपोर्टात पोटॅशियम 5.5 च्या वर गेलं तर गोळी थांबवून, 5.0 च्या आत आलं की पुन्हा 10 वर. नाही गेलं आणि बीपी तरीही 130 च्या खाली आलं नाही, तर क्लोर्थॅलिडोन 25 करायचं की सेमाग्लुटाइडचा खर्च काढायचा, हे तेव्हा बसून ठरवू.